पाच दारांचा कुत्रा

१

असं समजा, की तुमच्या घरासमोर रस्ता नाही. नुसत्या पायऱ्या आहेत. टेकडीच्या माथ्यावरून निघून त्या थेट खाली बंदरापर्यंत उतरतात, आणि दोन्ही अंगांना पत्र्याची घरं एकमेकांना धरून उभी आहेत. जून महिना आहे, म्हणजे चिलीतल्या वाल्पाराइसोचा ऐन हिवाळा. समुद्रावरचं धुकं सकाळीच चढून खिडकीपाशी आलेलं आहे. तुम्ही शाळेला निघता, दार उघडता, आणि रोज उंबऱ्याशी शेपूट आपटणारा कुत्रा आज तिथे नाही. थोडं खाली उतरता तर तो आडवा पडलेला दिसतो. तुमची पावलं ऐकूनही तो मान उचलत नाही.

दिसलं? मग आता दप्तर तिथेच खाली ठेवा. यास्नानंही ठेवलं होतं.

यास्ना दहा वर्षांची. कुत्रा थोराड, पिवळट रंगाचा, एका डोळ्याभोवती काळा डाग. म्हणून यास्ना आणि तिची आई नोर्मा त्याला पिराता म्हणत, म्हणजे समुद्री चोर. पण तो काही त्यांचा एकट्यांचा नव्हता. आमच्या टेकडीवर असे कुत्रे पायऱ्यांचे असतात. ज्याला जमेल त्यानं खायला घालायचं आणि ज्याला वाटेल त्यानं नाव ठेवायचं. शिवणकाम करणारी ओतिलिया त्याला दुके म्हणायची, म्हणजे सरदार. बंदरावरून निवृत्त झालेला वाल्दो म्हणायचा सोसिओ, म्हणजे भागीदार. दुकानदार एलिसेओ नुसतं ‘हट’ म्हणायचा.

त्या सकाळी त्याच्याजवळच्या पायरीवर डांबरासारखी काळी घाण होती. तोंडाशी ओकारी होती, कॉफीच्या गाळासारखी. यास्नानं त्याचा ओठ उचलून पाहिला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. तिच्या हाका ऐकून नोर्मा आली, वाल्दो आला. वाल्दोनं खाली वाकून पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला. विष.

मग त्यानं कुत्र्याला खांद्यावर घेतलं. नोर्मानं गॅसच्या सिलिंडरसाठी डब्यात ठेवलेले पैसे उचलले आणि यास्नासकट ते तिघं खाली निघाले. ते दवाखान्यात पोचायच्या आत तो शब्द पायऱ्या चढून माथ्यावर पोचलाही होता. आणि ज्यानं ज्यानं तो ऐकला त्यानं त्यानं वळून एलिसेओच्या दुकानाकडे पाहिलं.

कारण मागच्या आठवड्यात एलिसेओनं उंदरांसाठी विषाचा खोका आणला होता. आणि भर दुकानात सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, हे कुत्रं माझ्या पावाच्या टोपल्यांवर मुततं, एक दिवस याचाही बंदोबस्त करतो.

२

जनावरांचे डॉक्टर ब्रिसेन्यो तरुण होते आणि मनानं वाईट नव्हते. त्यांनी कुत्र्याला सलाईन लावलं, पोट चाचपलं, आणि नोर्माला खरं तेच सांगितलं. आत रक्त जातंय. ते उंदराच्या विषानं होत असेल, किंवा आतडं जाळणारं दुसरं काही पोटात गेलं असेल. दोन्हींचे उपाय निराळे. कोणतं ते कळायला रक्त तपासायला हवं, आणि ती तपासणी मोठ्या प्रयोगशाळेतून करून आणावी लागते. त्यांनी किंमत सांगितली. नोर्मानं मुठीतल्या नोटा पाहिल्या.

‘एवढ्यात तपासणी होईल, नाहीतर औषध होईल,’ डॉक्टर म्हणाले. ‘दोन्ही होणार नाही. त्यानं काय खाल्लं एवढं मला दिवे लागायच्या आत सांगा, मग मी तपासणी सोडून सरळ औषध सुरू करतो. त्यानंतर सांगून उपयोग नाही.’

मग त्यांनी विचारलं, ‘आधी काही औषध दिलं होतं का याला?’

वाल्दो कडवट हसला. ‘औषधाला पैसे असते, डॉक्टर, तर पाय मोडला तेव्हाच नसतो आलो?’

नोर्मा फरशीकडे पाहत राहिली.

पायाची गोष्ट अशी, की पिराता महिनाभरापूर्वी ओल्या पायऱ्यांवरून घसरला होता आणि मागचा एक पाय टेकेनासा झाला होता. नोर्मानं फोनवर चौकशी केली तर शस्त्रक्रियेचा आकडा तिच्या मासळीच्या कारखान्यातल्या पगारापेक्षा मोठा निघाला. अशा वेळी आमच्याकडे शेजारी मिळून पावात सॉसेज घालून विकतात आणि जमलेली रक्कम अडलेल्याला देतात. कोम्प्लेतादा म्हणतात त्याला. पण ओतिलियाच्या नवऱ्याच्या दफनासाठी ती नुकतीच झाली होती, आणि कुत्र्यासाठी लगेच पुन्हा हात पसरायला कुणाची जीभ रेटेना. पुढच्या महिन्यात बघू, असं ठरलं. सगळे आपापल्या घरी गेले. कुत्रा तीन पायांवर दारोदार फिरत राहिला.

३

यास्ना शाळेत गेलीच नाही. ती एदेल्मिराबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

एदेल्मिराबाईंनी टेकडीवरच्या निम्म्या लोकांना मुळाक्षरं शिकवलेली. आता गुडघे गेले होते, पण कुणाची भांडणं, कुणाचे हरवलेले जिन्नस, सगळं अजून त्यांच्याच दारी येई. कुत्र्याला त्या ‘आळशी’ म्हणत, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला म्हणावं तसं. पहाटे त्यांच्या चहाच्या वेळी तो येई आणि पावाचा तुकडा घेऊन जाई.

त्यांनी यास्नाच्या हातांकडे पाहिलं. नखांत निळा रंग होता.

‘आधी हात धुऊन ये,’ त्या म्हणाल्या. ‘मग जसं झालं तसं सांग. तुला काय वाटतं, ते नंतर.’

यास्नानं दवाखान्यातलं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. बाई मध्ये एकदाच बोलल्या. डॉक्टरांनी औषधाचं विचारलं तेव्हा वाल्दो ‘नाही’ म्हणाला का? यास्ना आठवू लागली. नाही म्हणाला नव्हता. तो पैशांबद्दल बोलला होता.

‘असू दे,’ बाई म्हणाल्या. ‘मला काठी दे.’

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. त्यावर हातभर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: खुनी. यास्नानं तिकडे पाहिलं नाही. आत एलिसेओ बरणीमागे बसून होता. त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. बाईंनी ‘दिवस कसा आहे’ एवढंच विचारलं, तर त्यानं आपणहून विषाचा खोका काढून पुढे आदळला. आतले खडे गडद हिरवे होते. हाताला लागला तर रंग धुऊनही जात नाही, तो म्हणाला, आणि हे सगळे तळघरात कुलूप लावून ठेवलेत.

‘मी त्याला लाथ घातली असती, बाई. विष नाही. आणि मी त्याला कधी काही खायलाही घालत नाही.’

बाईंनी मान डोलावली. बाहेर पडताच यास्नानं त्यांची बाही ओढली. गल्ल्याखाली एक टवका उडालेला वाडगा होता. तिनं तो नीट पाहिला होता. वाडगा चाटूनपुसून लख्ख केलेला आणि काठाला हॅमची चरबी. जो माणूस कुत्र्याला काही घालत नाही, त्याच्याकडे तो वाडगा कशाला?

‘त्याच्यातच विष दिलं त्यानं, बाई. खोटं बोलला तो.’

‘खोटं बोलला हे खरं,’ बाई म्हणाल्या. ‘पण ओकारीचा रंग कुठला होता?’

ओकारी कॉफीसारखी होती. हिरवेपणा त्यात कुठेच नव्हता.

४

ओतिलिया मशीनवर बसून कुणाचा तरी शाळेचा अंगरखा शिवत होती. रडून तिचे डोळे सुजले होते, आणि ते नवऱ्यासाठी की कुत्र्यासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. दुकेला मी विष घालीन का, ती म्हणाली. माणूस गेल्यापासून घरात दुसरं कुणी येतंय का. आणि नेमका आता बरा होत होता हो तो. आधी मधल्या कट्ट्यावर तीनदा बसायचा, परवा एका दमात वर आला.

वाल्दोकडे तेच. त्यानं एलिसेओला चार शिव्या दिल्या, मुलीच्या देखत देऊ नयेत अशा दोन जास्त दिल्या, आणि म्हणाला की सोसिओ शनिवारी सिलिंडरवाल्याच्या मागे भुंकत पळाला होता. पळाला, बाई. चारही पाय टेकून.

बाई वर चढता चढता मध्येच एका पायरीवर बसल्या. धुक्यात खाली बोटींचे भोंगे वाजत होते. गुडघा चोळत त्यांनी एप्रनच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. सरकारी दवाखान्यातून मिळते ती, अंगदुखीची. एक गोळी बाहेर काढली, आणि तळहातावर धरून नुसती पाहत राहिल्या.

‘बाई, पाणी आणू?’

‘नको.’ त्यांनी गोळी परत ठेवली, घेतली नाही. ‘यास्ना, ज्याचा पाय मोडलाय, शस्त्रक्रिया झालेली नाही, तो आपोआप पळायला लागतो का?’

‘नाही.’

‘आणि विष पोटात गेलं तर आधी बरं वाटतं का?’

‘नाही.’

‘आज सकाळपासून सगळ्यांनी एकमेकांना कुठला प्रश्न विचारला?’

‘विष कुणी घातलं.’

‘त्याला सगळ्यांनी नाही म्हटलं. मला वाटतं, सगळे खरंच बोलले.’ बाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. ‘प्रश्न चुकला आपला. जा, सगळ्यांना माझ्याकडे चहाला बोलाव. आत्ता, लगेच. तुझ्या आईला, ओतिलियाला, वाल्दोला. आणि एलिसेओला.’

‘त्याला नाही बोलावणार मी.’

‘त्याला सगळ्यात आधी,’ बाई म्हणाल्या.

५

बाईंच्या स्वयंपाकघरात चार खुर्च्या आणि एक बाक होता. किटली वाफाळत होती, पाव कापून ठेवला होता, पण कुणी हात लावत नव्हतं. खिडकीबाहेरचा उजेड करडा होत चालला होता. शेवटी दारात एलिसेओ आला आणि तिथेच उभा राहिला.

‘हा कशाला?’ वाल्दो म्हणाला. ‘चहात खडे टाकायला?’

‘वाल्दो, तिसरीत होतास तेव्हाही बोलायच्या आधी हात वर करत नव्हतास,’ बाई म्हणाल्या. ‘बस खाली.’

वाल्दो बसला.

बाईंनी खिशातली पट्टी काढली आणि पावाच्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाल्या, डॉक्टर वाट बघतायत आणि वेळ थोडा आहे, म्हणून मी आधी सांगते. आळशी पहाटे लंगडत यायचा, माझ्याकडे बघायचा. माझा गुडघाही तसाच दुखतो. मी गोळी घेतली की मला चालता येतं. म्हणून गुरुवारपासून रोज पहाटे मी पावाला लोणी लावून त्यात अर्धी गोळी दाबून त्याला देत होते. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

‘विष कुणी घातलं, हे मी विचारत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘कुत्र्याची दया कुणाकुणाला आली, ते सांगा.’

ओतिलियानं पर्स उघडली. तिच्या नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या होत्या. टाकून द्यायला हात होईना, ती म्हणाली, आणि दुके सकाळी इतका कण्हायचा. सॉसेजच्या तुकड्यात घालून द्यायची.

वाल्दोनं टोपी काढली. बाजारात चादरीवर मांडून विकतात त्या सुट्या गोळ्या त्यानं घेतल्या होत्या. दुपारी, रश्श्यात. जड कुत्रा, म्हणून दोन.

नोर्मानं कुणाकडे पाहिलं नाही. कारखान्यातल्या औषधाच्या पेटीतून आणली होती तिनं, विचारून, चोरून नाही. संध्याकाळी चीजमध्ये. यास्नाला आठवलं. आईनं चीज बोटांनी दाबून गोल केलं होतं आणि यास्नानंच ते आपल्या हातानं पिराताला भरवलं होतं. त्यानं तिचे हात चाटले होते.

‘आम्ही वाईट काय केलं?’ वाल्दो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. ‘माणसं घेतातच की. एक गोळी.’

‘एकेक,’ बाई म्हणाल्या. ‘सकाळ, दुपार, संध्याकाळ, पहाट. प्रत्येक दारी एकेक. त्याला पाच वाडगे होते, पण पोट एकच होतं. आणि माणसाच्या गोळ्या कुत्र्याला सोसतात की नाही, हे तरी आपण कुणाला विचारलं होतं?’

‘चार वाडगे,’ ओतिलिया म्हणाली.

बाईंनी दाराकडे पाहिलं. एलिसेओ पुढे आला. त्यानं पावाच्या कागदात गुंडाळलेली एक पट्टी टेबलावर ठेवली. रात्री दुकान बंद करताना, तो म्हणाला. हॅमच्या तुकड्यात.

‘मग सकाळपासून का नाही बोललास?’ वाल्दो ओरडला नाही, पण ओरडल्यासारखं वाटलं.

‘शटरवर जे लिहिलंय ते वाचलं,’ एलिसेओ म्हणाला. ‘वाटलं, बरोबरच आहे. माझ्याच गोळीनं झालं असणार.’

म्हणजे तिथला प्रत्येकजण सकाळपासून मनातल्या मनात हेच म्हणत होता. माझ्यामुळे तर नव्हे ना? आणि शेजारच्या घरातही एक गोळी आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

नोर्मानं फोन उचलला. बाहेर बंदरावरचा पहिला दिवा लागला होता.

६

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पाचही घरांचं. प्रत्येक पट्टीवरचं नाव त्यांनी वाचून घ्यायला लावलं. सगळ्या एकाच जातीच्या गोळ्या निघाल्या, नावं तेवढी वेगवेगळी. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं नोर्मा पुढे म्हणायची. त्यांनी औषध सुरू केलं, तपासणीवर एक पेसो खर्च न करता. जे यंत्र परवडलं नाही त्याचं काम पायऱ्यांवर फिरून झालं होतं, आणि बरोबर झालं होतं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी पिराता गेला. मूत्रपिंडं आधीच गेली होती.

वाल्दो त्याला आणायला गेला तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की एकाच घरानं दिली असती तर पोट बिघडलं असतं आणि बहुतेक जगला असता. पुढे म्हणाले, आता तरी कुठल्याही जनावराला घरातली गोळी देऊ नका, आधी मला फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत. वाल्दोनं हे वर येऊन प्रत्येक दारात थांबून सांगितलं. जसं सांगितलं होतं तसंच, एक शब्द न गाळता.

ओतिलियाच्या घरामागे दरीच्या उतारावर खड्डा खणला. तिनं नवऱ्याच्या जुन्या कोटाचं अस्तर उसवून त्यात कुत्र्याला गुंडाळलं. कुठल्या नावानं निरोप द्यायचा, हे ठरेना, म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या नावानं दिला. एलिसेओ आला नाही.

मग सगळे घरात गेले. पायऱ्यांवर यास्ना आणि बाई उरल्या. यास्नाला वाटलं, बाई आता काहीतरी विचारतील. कालही विचारतील असं वाटलं होतं, हात धुवायला पाठवलं तेव्हा. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि काठी टेकत आत गेल्या.

यास्ना घरी गेली. खिडकीच्या चौकटी रंगवून उरलेल्या निळ्या रंगाच्या डब्याशेजारी टर्पेंटाइनची बाटली होती. तिनं ती घेतली. बादली, घासायचा ब्रश, जुनी फडकी घेतली. आईनं दार उघडून धरलं. धुक्यातून ती खाली उतरत दुकानापाशी आली आणि बादली ठेवली.

आवाज ऐकून एलिसेओ बाजूच्या दारातून बाहेर आला. तिला पाहिलं, बादली पाहिली.

‘राहू दे, पोरी. पावसानं जाईल.’

‘नाही जाणार, काका,’ यास्ना म्हणाली. ‘तेलाचा रंग आहे.’

तिला कसं माहीत, हे त्यानं विचारलं नाही.

‘काका, तुम्ही त्याला कुठल्या नावानं बोलवायचात? कुणी नसताना?’

‘नाव नव्हतं ठेवलं,’ एलिसेओ म्हणाला. ‘नाव ठेवलं की जीव गुंततो.’

यास्नानं फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं आणि पहिल्या अक्षरापासून घासायला सुरुवात केली.